खालची दांडी

मेव्हणीने नवे टॉवेल आणले आणि ओळंब्याच्या पोटात गोळा आला.

तसं पाहिलं तर मेव्हणीच्या खरेदीने गोळा यायचाच, तर तो तिच्या नवऱ्याच्या पोटात यायला हवा. पण बायकोने सकाळी चहा पिता पिता सहज सांगितलं, की ताईने सत्तर इंची जाडजूड टॉवेल घेतलेत, ते बाथरूममधल्या खालच्या दांडीवर टाकले की जमिनीला टेकतात, तर ती दांडी जरा वर घ्यायची आहे. दहा मिनिटांचं काम. ओळंब्याने कप खाली ठेवला आणि खिशातली टेप काढून टेबल मोजायला घेतलं.

ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. आणि ह्या माणसाचं काम इतकं सरळ असे की बांधकामावरच्या लोकांनी तेच नाव त्याला चिकटवलं. त्याने लावलेल्या फळीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे. बोलायला मात्र तो अगदीच कच्चा. काही अवघड सांगायची वेळ आली की खिशातली टेप काढून समोर असेल ते मोजायला लागे.

नवराबायकोचा धंदा एकच होता, आणि ऐकणारे आधी हसतात म्हणून तो नीट सांगितलेला बरा. लहान बाथरूममध्ये टॉवेल ठेवायची देखणी सोय करून देणं, हा तो धंदा. ज्यांची बाथरूमं मोठी आहेत त्यांनी खुशाल हसावं. पाच फूट बाय साडेचार फुटांत बेसिन, कमोड, गीझर आणि आत उघडणारं दार एवढं सगळं कोंबल्यावर टॉवेल कुठे जातात, हे बाकीच्यांना ठाऊक आहे. दाराच्या एकाच हुकावर चौघांचे चार ओले टॉवेल एकमेकांच्या उरावर बसतात, आणि ज्याला आपला हवा असतो त्याचा नेमका सगळ्यांत खाली असतो. ह्या दुखण्यावर बायकोकडे औषध होतं. डोकं तिचं, हात त्याचे.

ती आधी अर्धा तास नुसती बाथरूमच्या उंबऱ्यावर उभी राहायची. दार उघडून बघायची, लावून बघायची. बेसिन आणि दार यांच्यामध्ये जी कुणाच्या खिजगणतीत नसलेली भिंत उरते, तिच्यावर ती सहा इंच रुंदीच्या तीन फळ्या आखायची. टॉवेलाला आधी लांबीत तीन घड्या, मग घट्ट गुंडाळी, टोक आत खोचलेलं. गुंडाळीचं गोल तोंड बाहेर, कड कुठेही दिसता कामा नये. वर फिके रंग, खाली गडद. फळ्यांच्या खाली रोजच्या वापरातल्या टॉवेलांसाठी पितळी दांड्या. "पाहुणा दिवाणखान्यात शहाण्यासारखा बसतो," ती म्हणायची, "घर बघतो तो बाथरूमचं दार लावल्यावर." लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, ती भिंत पाहून टॉवेल पसरायची, आणि काम झाल्यावर घरची माणसं उगाचच दोनदोनदा हात धुऊन यायची.

गिऱ्हाइकाला शेवटचा घोर एकच असायचा. नव्या कोऱ्या टाइलना भोकं पाडायची, आणि आत पाण्याचे पाइप. तेव्हा बायको एक वाक्य बोलायची. सदतीस घरांत ती ते बोलली होती: "आमच्या ह्यांच्या हातून भोक चुकत नाही." आणि ते खरंही होतं. बावीस दिवसांपूर्वीपर्यंत.

बावीस दिवसांपूर्वी ते ताईच्या नव्या घरात काम करत होते. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला तिनेच वाढवलेलं, त्यामुळे धाकटीच्या नवऱ्याबद्दल मत बाळगायचा हक्क तिने कधी सोडला नव्हता. लग्न ठरत होतं तेव्हा "भोकं पाडून संसार होतो का गं?" असं तिने विचारलं होतं, आणि ते ओळंब्याच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने विचारलं होतं. बारा वर्षांनी त्याच ताईने आपणहून कामाला बोलावलं. त्या दिवशी बायकोचे पाय जमिनीवर नव्हते.

भिंतीतले पाइप कुठून गेलेत हे बघायला ताईकडे फोटो होता. टाइल बसण्याआधी साडूने, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, भिंतीला टेप धरून तो काढलेला. गीझरचा गरम पाण्याचा पाइप डावीकडून येत होता, जमिनीपासून बरोबर तीन फुटांवर, आणि मध्येच खाली बेसिनकडे वळत होता. ओळंब्याने खालची दांडी पावणेतीन फुटांवर धरली. म्हणजे पाइपाच्या तीन इंच खाली. आणि साठ इंची टॉवेल मधोमध टाकला तर जमिनीपासून तीन इंच वर. हिशेब चोख.

चुकलं ते एकच, आणि ती चूक त्याच्यासारख्या मोजूनमापून काम करणाऱ्याच्याच हातून व्हावी अशी होती. फोटो काढला तेव्हा खाली कच्चं काँक्रीट होतं. त्यावर मागाहून पाणी अडवणारा थर आला, उतारासाठी माल आला, वर फरशी आली. जमीन तीन इंच वर चढली आणि पाइप जिथल्या तिथे राहिला. एखाद्या येरागबाळ्याने अंदाजाने ठोकलं असतं तर तो कदाचित वाचला असता. ओळंब्याने इंच न इंच मोजला आणि नेमका पाइपावर येऊन पोचला.

दांडीच्या दोन टोकांना दोन पट्ट्या, प्रत्येकीला दोन स्क्रू, अशी चार भोकं. तीन झाली. चौथं, डावीकडचं खालचं, पाडताना हाताला आधी कळलं. टाइल कडक लागली, मग प्लास्टर भुसभुशीत, मग काहीतरी चिवट आणि मग काहीच नाही. ड्रिलचं मशीन मागे घेतलं तर बिटाच्या खाचेत पिवळट प्लास्टिकचा कीस अडकलेला, आणि मागोमाग सुईएवढी बारीक कोमट धार त्याच्या शर्टावर. त्याने अंगठा दाबला.

हाक मारायला त्याने तोंड उघडलं. नेमकी त्याच वेळी बाहेरच्या खोलीत टॉवेल गुंडाळत बसलेली बायको ताईला सांगत होती, की काळजी करू नकोस, आमच्या ह्यांच्या हातून भोक चुकत नाही. आणि ताई म्हणाली, "हो गं बाई, तेव्हा मीच चुकले." एवढं ऐकायला त्याच्या बायकोने बारा वर्षं वाट बघितली होती. ओळंब्याने तोंड मिटलं.

मग त्याने दातांनी टेफ्लॉनची टेप तोडली, स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्टीला ती गुंडाळली, वरून पांढरं सिलिकॉन चोपडलं, गिट्टी भोकात ठोकली आणि स्क्रू जीव खाऊन आवळला. धार थांबली. थेंबसुद्धा नाही. अशा जागी स्क्रूच बूच होऊन बसतो आणि वर्षानुवर्षं बसतो; फक्त तो कुणी काढता कामा नये. शर्ट ओला कसा झाला ते कुणी विचारलं नाही. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं.

उद्या सांगू म्हणणारा माणूस तिथेच फसतो, हे शंभर माणसांना सांगून झालं आहे आणि शंभरही जण उद्याच सांगतात. दुसऱ्या दिवशी ताईने शेजारणींना बोलावून बाथरूम दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्या शेजारणींपैकी एकीने आपलं बाथरूम द्यायचं कबूल केलं. बायको घरात गुणगुणायला लागली. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि मग हे टॉवेल. ओळंब्याने लगेच फोटो पुढे केला: वर तीन फुटांवर पाइप आहे, दांडी वर घेता येणार नाही. बायको फोटो बघून म्हणाली, मग पाइपाच्याही वर जाऊ, सव्वातीन फुटांवर, त्यात काय एवढं. तेव्हा त्याने मशीन दुरुस्तीला टाकायचं काढलं. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ताईला सांग टॉवेलच बदलून आण. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बायको टॉवेल म्हणाली की हा दचकायचा, आणि त्यांच्या घरात तो शब्द दिवसातून शंभरदा निघायचा.

त्याला पाण्याची भीती नव्हती. पाणी पुसता येतं, टाइल बदलता येते, ताईचे टोमणे तर त्याला पाठच होते. भीती होती ती बायकोची. ती ओरडेल म्हणून नव्हे, ती ओरडणारी नव्हतीच. बोलण्यात त्याने कधी कुणावर छाप पाडली नव्हती. सरळ हात एवढंच त्याच्याजवळ होतं, आणि ते बघून तिने बहिणीचं न ऐकता त्याला पसंत केलं होतं. तेच गेलं तर आपल्याकडे बघायला तिच्यापाशी काय उरेल, हे त्याला कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यात आधीच कबूल केलेली फळी लावत होता. फोन वाजला. बायको ताईकडून बोलत होती. भाऊजींना आज सुट्टी आहे, ती सांगत होती, आणि त्यांनी नवीन हत्यारांची पेटी घेतली आहे, त्यांचे हात शिवशिवतायत. "तुझी कंबर दुखते तर तू आत्ता येऊ नकोस. भाऊजी जुने स्क्रू काढून ठेवतायत. संध्याकाळी येऊन तू फक्त नवी भोकं पाड. दोन निघालेसुद्धा."

ओळंब्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने विचारलं, कुठले दोन. उजवीकडचे, ती म्हणाली.

"थांबव त्यांना," तो म्हणाला.

"का?"

चार शब्द होते. स्क्रू पाइपात गेला आहे. जीभ झिजली नसती. पण बावीस दिवस आणि वर हे चार दिवस गिळलेला शब्द असा पटकन वर येत नाही. "टाइल तडकेल," तो म्हणाला.

"स्क्रू काढताना?" तिच्या आवाजात हसू होतं, आणि हसण्याच्या तळाशी थोडा प्रश्न. बारा वर्षं ती ह्याच धंद्यात होती.

मी येतोय, तोवर कुणी हात लावू नका, असं त्याने सांगितलं. ती बरं म्हणाली, पण लहान मुलाची समजूत काढावी तशी. फोन बंद होता होता मागून साडूचा खुशीतला आवाज आला, "हा तिसरा निघाला बघ." उरला एक.

फळी तशीच अर्धवट सोडून तो स्कूटरवर बसला. एरवीचा पंचवीस मिनिटांचा रस्ता. पहिल्या सिग्नलला त्याने बायकोला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिचे हात गुंतलेत हे त्याला कळलं. तीन स्क्रू निघाल्यावर दांडी लोंबकळते, आणि ती टाइलवर घासू नये म्हणून कुणीतरी खालून धरावी लागते. धरणारी तीच असणार. तिचा चेहरा कुठे असेल ते त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या सिग्नलला त्याने ताईला फोन केला. ताई स्वयंपाकघरात होती. तिने सांगितलं, तुमचे साडू अजून लढतायत, शेवटचा स्क्रू भलताच चिवट निघालाय, आणि गीझर कधीचा लावून ठेवलाय, ह्यांची आंघोळ व्हायची आहे अजून. ओळंबा म्हणाला, ताई, तो गीझर बंद करा आणि साडूभाऊंना थांबवा. ताई म्हणाली, "जावईबुवा, माझ्या घरातला गीझरसुद्धा आता तुम्हाला विचारून लावायचा का?" मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. त्याने फोन खिशात टाकला.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. इमारत नऊ मजल्यांची आणि टाकी गच्चीवर. म्हणजे त्या एका स्क्रूच्या मागे सात मजल्यांचं पाणी उभं होतं, तेही उकळत आलेलं. हे गणित ओळंबा सगळा रस्ताभर करत होता, आणि शेवटच्या वळणावर एका हातगाडीला त्याची स्कूटर घासली ते त्याला कळलंही नाही. गाडी तशीच रस्त्यावर टाकून तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला. दार उघडंच होतं.

बाथरूममध्ये साडू स्टुलावर बसून दोन्ही हातांनी स्क्रूड्रायव्हर पिळत होता. कपाळावर घाम, जीभ दातांत. बायको त्याच्या खाली गुडघ्यांवर बसून दांडी धरून होती. तिचं तोंड त्या स्क्रूपासून वीतभर अंतरावर.

"अरे," ती स्वतःशीच म्हणाली, "इथे ओलं कसं झालं?"

स्क्रूच्या डोक्याखाली एक थेंब फुगला होता. ओळंब्याने मागून झेप घेऊन साडूचं मनगट धरलं. इतकं घट्ट की साडूच्या हातून हत्यार गळून पडलं. त्याने ते उचललं आणि स्क्रू उलटा फिरवून पुन्हा आवळला. मग बायकोला दंडाला धरून बाहेर ओढलं. तिघंही त्याच्याकडे बघत होते; तिसरी ताई, हात पुसत दारात येऊन उभी राहिलेली.

"पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. गीझर बंद करा," तो म्हणाला. "हा स्क्रू पाइपात आहे."

मग बायकोने विचारलं, "तुला आत्ता कळलं?"

ती त्याला अडकवत नव्हती. तिला मनापासून तसंच वाटलं होतं, की दवाखान्यात फोटो बघता बघता ह्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि हा धावत सुटला. तिने दारच उघडून दिलं होतं, आणि त्याने फक्त त्यातून जायचं होतं. चूक सगळ्यांच्याच हातून होते. चूक वेळेत सापडली तर माणूस उलट मोठा ठरतो.

"हो," ओळंबा म्हणाला. "आत्ताच. फोटोत फरशी नव्हती, ते माझ्या लक्षात आलं."

साडूने व्हॉल्व्ह बंद केला. बेसिनचा नळ सोडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं, तरी स्क्रू काढल्यावर जे उरलंसुरलं होतं ते फसकन बाहेर आलं आणि समोरच्या दारावर वाफ धरली. तीन वाट्या पाणी असेल फार तर. साडू एरवी कशावरही विनोद करणारा माणूस, पण दारावरून ओघळणाऱ्या त्या गरम पाण्याकडे बघून त्याने आपली नवी हत्यारांची पेटी मिटून टाकली. ताईने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओळंब्याकडे वळून म्हणाली, की तुम्ही धावत आलात म्हणून हिचे डोळे वाचले, आणि आता मी तुम्हाला कधी काही बोलणार नाही. बायकोने ओला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. ओळंब्याला हलकं वाटलं. हलकं वाटल्याची लाजही वाटली, पण हलकेपणा जास्त होता.

तो छिन्नी घेऊन टाइल फोडायला बसला आणि ती, नेहमीच्या सवयीने, खाली पडलेलं सामान गोळा करू लागली. स्क्रू, पट्ट्या, टाइलचे तुकडे. स्क्रूबरोबर उपसून आलेली गिट्टी तिच्या हाताला लागली. ती टाकणार, तेवढ्यात थांबली.

गिट्टीवर सिलिकॉन वाळलेलं होतं, आणि सिलिकॉनच्या खाली पांढऱ्या टेपचे वेढे. दांडीच्या गिट्टीला टेफ्लॉन कुणी लावत नाही. टेफ्लॉन नळाच्या आट्यांना लावतात, पाणी अडवायला. हे सगळं सामान बारा वर्षं तीच दुकानातून आणत होती.

ओळंब्याने मान वळवली तेव्हा तिची नजर गिट्टीवर होती. मग तिने मूठ मिटली. ताई मागेच उभी होती, विचारत होती की ह्याच रंगाच्या टाइल मिळतील का. मिळतील, बायको म्हणाली, नाही तर त्या चार जागी आपण गडद लावू, मुद्दाम लावल्यासारख्या दिसतील. आवाज नेहमीचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिने ती बहिणीसमोर शेवटपर्यंत उघडली नाही. नवा पाइप बसेपर्यंत चार वाजले. तोवर तिने ते सत्तर इंची टॉवेल घड्या घालून, गुंडाळून, वरच्या फळीवर लावून टाकले, गोल तोंडं बाहेर, एकाचीही कड दिसत नव्हती. ओळंब्याकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिने मूठ टेबलावर उघडली.

"हे त्या दिवशी लावलंस."

"हो."

"आणि आज म्हणालास, आत्ताच कळलं."

"तूच तसं विचारलंस," ओळंबा म्हणाला. बोलल्यावर त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ओळंबा वाट बघत होता, की ती रडेल, भांडेल, निदान कप आपटेल. त्या सगळ्याची तयारी त्याने बावीस दिवसांत केली होती. तिने ह्यातलं काही केलं नाही.

"फोनवर तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मी खाली बसणार हेही माहीत होतं. तू म्हणालास, टाइल तडकेल."

त्याने सगळं सांगितलं मग. फोटो, तीन इंच, शर्टावरची धार, बाहेरून ऐकू आलेलं तिचं वाक्य आणि त्यावरचं ताईचं उत्तर. आयुष्यात एवढं तो एका दमात कधी बोलला नव्हता. तिने ऐकून घेतलं. मधे एकदा तिचा चेहरा हलला, ताईचं वाक्य आलं तेव्हा, आणि ओळंब्याला वाटलं, आता समजेल हिला. तिला समजलंही असेल. पण तिने विचारलं ते वेगळंच.

"अजून किती?"

"एकही नाही."

हे खरं होतं. बारा वर्षांत ते एकच भोक चुकलं होतं, आणि ओळंबा हे देवासमोरही ताठ मानेने सांगू शकला असता. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, नीट, बाथरूमच्या उंबऱ्यावरून ती भिंत बघायची तसं.

"हेच सकाळी म्हणाला असतास तर मी मानलं असतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्त्यांची वही काढली आणि पहिल्या पानापासून फोन करायला बसली. आमच्याकडून तपासणी आहे, ती प्रत्येकाला सांगत होती, दांड्या सैल झाल्यात का बघतो, तुम्हाला काही द्यायचं नाही. लोक खूश झाले. इतकी काळजी आजकाल कोण घेतं, असं तिघांनी तरी म्हटलं. ताईचं घर सोडून छत्तीस पत्ते होते. शितावरून भाताची परीक्षा करतात. तिच्या हाती एक शीत लागलं होतं आणि आता तिला अख्खं पातेलं उपसून बघायचं होतं. ओळंब्याने विरोध केला नाही. उलट त्याला बरंच वाटलं. भिंती आपल्या बाजूने बोलतील, अशी त्याची खात्री होती.

पहिलं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. बारा वर्षांपूर्वीचं काम, पण फळ्या अजून पातळीत होत्या, आणि बाईंनी टॉवेल अजून शिकवल्याप्रमाणे गुंडाळून ठेवले होते. बाईंना कौतुक वाटलं. त्या चहा टाकायला आत गेल्या. ओळंब्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि सवयीने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. बायकोने तो काढून घेतला. तेव्हा तो फळ्यांवरचे टॉवेल उतरवून, छातीशी धरून, दारात उभा राहिला.

ती स्वतः गुडघ्यांवर बसली, सगळ्यांत खालच्या दांडीपासून सुरुवात केली. एक स्क्रू काढायची, गिट्टी उपसून उजेडात फिरवून बघायची, भोकाच्या तोंडाशी बोट फिरवून ते अंगठ्यावर घासायची, मग सगळं होतं तसं लावून पुढे. खालची दांडी झाली. मधली झाली. फळ्यांचे स्क्रू सुरू झाले. सोळावं भोक तपासून झालं तेव्हा तिच्या बोटावर फक्त प्लास्टरची पांढरी पूड होती, आणि ओळंब्याला राहवलं नाही.

"बघ," तो म्हणाला. "कोरडं आहे."

"हो," ती म्हणाली. "इथलं." आणि तिने पुढच्या स्क्रूला हात घातला.